घरकुलांचा सरकारी पैसा आणि आर्किटेक्ट

प्रश्न : इंदूरमध्ये सरकार घरबांधणीवर खर्च करते. त्यातून लहान आर्किटेक्टला काम मिळते का?

उत्तर : थेट फारसे नाही. १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या इंदूरच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पातली १,०२४ घरे कारखान्यात तयार झालेल्या सँडविच पॅनेलची. आराखडा एकदा ठरला की तोच मजल्यामागून मजला चढत जातो. रचनाकाराला वाव तो कितीसा उरणार!

याच शहरातल्या ‘अरण्य’ वसाहतीत मात्र पैसा वेगळ्या वाटेने गेला. इंदूर विकास प्राधिकरणासाठी आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी सुमारे ६,५०० भूखंड आखले, नमुन्याची ८० घरे उभारली आणि पुढची वाढ रहिवाशांवर सोपवली. १९९५ मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

अशी वाट आजही आहे : पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यालाही अनुदान आहे. नकाशा, मंजुरी, पुढे वाढीव मजला, ही कामे लहान कार्यालयाला झेपणारी. फी मात्र बेताचीच.