बागेचा राखणदार

(मोर्शीच्या एका शाळेची मुले सहलीला जातात. तेथे त्यांना एक कुत्रा भेटतो. त्या भेटीतून मुले काय शिकली, हे या पाठात सांगितले आहे.)

डिसेंबर महिना होता. आमच्या शाळेची सहल सिंभोऱ्याला निघाली. सिंभोरा हे गाव मोर्शीच्या जवळच आहे. तेथे वर्धा नदीवर मोठे धरण आहे. त्याला अप्पर वर्धा धरण म्हणतात. धरणाला १३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की पाणी पाहायला लोकांची गर्दी होते. अमरावती शहराला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते.

हिवाळ्यात मात्र तेथे सगळे शांत असते. समोर निळे पाणी पसरले होते. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या बागा होत्या. झाडे फळांनी वाकली होती. आम्ही एका बागेजवळ झाडाखाली बसलो. मुलांनी डबे उघडले.

तेवढ्यात बागेतून एक तांबूस कुत्रा आला. तो दूर उभा राहून शेपटी हलवू लागला. आठवीतल्या एका मुलाने झटकन दगड उचलला आणि फेकला. दगड कुत्र्याच्या पायाला लागला. तो केकाटत मागे सरला.

बागेचा म्हातारा राखणदार धावत आला. तो म्हणाला, ‘‘बाबू, दगड नोका मारू. हा मोत्या हाय. तो रातभर जागते, म्हून मी निजतो.’’

मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘‘चाचा, मागच्या वर्षी मला कुत्रा चावला होता. मला फार भीती वाटते.’’

मी त्याला जवळ बसवले. ‘‘भीती वाटणे हा गुन्हा नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पण दगड मारल्याने भीती जात नाही. उलट कुत्रा चिडतो आणि चावतो. कुत्रा जवळ आला तर पळू नये. शांत उभे राहावे. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. जखमेवर हळद, चुना, तिखट लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील ती सगळी इंजेक्शने घ्यावीत. रेबीज एकदा झाला की माणूस सहसा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. ही लस फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी तयार केली. १८८५ साली त्यांनी कुत्रा चावलेल्या ९ वर्षांच्या एका मुलाचा जीव वाचवला.’’

एका मुलीने विचारले, ‘‘सर, कुत्र्यांसाठी कुठे बाग असते का?’’

‘‘असते ना! संत्र्यांमुळे आपल्या मोर्शी-वरुड भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. त्या खऱ्या कॅलिफोर्नियात, बर्कली शहरात १९७९ साली कुत्र्यांसाठी बाग सुरू झाली. आपल्या देशात हैदराबादला कोंडापूर भागात २०१८ साली अशी बाग उघडली. पूर्वी त्या जागेवर कचरा टाकत असत. अशा बागेला कुंपण असते. आत गेल्यावर कुत्र्याची साखळी सोडतात. तो मनसोक्त धावतो. पण लस टोचलेला कुत्राच आत न्यायचा आणि त्याने केलेली घाण मालकाने स्वतः उचलायची, असा तेथे नियम असतो.’’

सर्वांत लहान मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, आमची दादी म्हणते, कुत्रा घरात ठेवू नये.’’

‘‘दादी बरोबर सांगते. आपण त्याला घरात ठेवत नाही. शेताच्या आणि जनावरांच्या राखणीसाठी मात्र कुत्रा ठेवायला परवानगी आहे. पण घरात न ठेवणे वेगळे आणि त्याला मारणे वेगळे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी सांगितलेली गोष्ट तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकली आहे. एका माणसाने तहानलेला कुत्रा पाहिला. तो विहिरीत उतरला. पायातल्या मोज्यात पाणी भरून त्याने कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. इकडे संत नामदेवांचीही एक कथा सांगतात. कुत्र्याने त्यांची पोळी पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, याची त्यांना काळजी!’’

मुले हसली. दगड मारणारा मुलगा मात्र हसला नाही. तो उठला. त्याने राखणदाराकडून एक फुटके मडके मागून घेतले आणि त्यात आपल्या बाटलीतले पाणी ओतले. मडके दूर ठेवून तो दहा पावले मागे आला. त्याचे हात अजून थरथरत होते.

मोत्या लंगडत आला. त्याने आधी मुलाकडे पाहिले, मग तो पाणी पिऊ लागला.

परत निघताना राखणदाराने मुलांना टोपलीभर संत्री दिली. बस सुटली. मोत्या थोडा वेळ बसमागे आला आणि पुन्हा आपल्या बागेकडे वळला. त्याला रात्रभर जागायचे होते.

शब्दार्थ
राखणदार – रखवाली करणारा
केकाटणे – कुत्र्याने वेदनेने ओरडणे
निजणे – झोपणे
मनसोक्त – मन भरेपर्यंत
नोका (वऱ्हाडी बोली) – नका

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंभोऱ्याचे धरण कोणत्या नदीवर आहे?
(आ) मुलाने कुत्र्याला दगड का मारला?
२. कुत्रा चावल्यास काय करावे आणि काय करू नये, ते लिहा.
३. ‘त्याचे हात अजून थरथरत होते.’ या वाक्यावरून मुलाच्या मनात काय चालले असेल?
४. लिंग बदला : कुत्रा, मुलगा, म्हातारा.
५. राखणदाराचे बोलणे प्रमाण मराठीत लिहा.
उपक्रम : उन्हाळ्यात घराबाहेर पशुपक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवा व ते रोज भरा.