आतड्याचा दाह आणि जीवाणू : एक अभ्यास

आमच्या शाखेतील शिपायाचा मुलगा, बारावीचा विद्यार्थी, वर्षभर जुलाबाने हैराण होता. पोटात कळ, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेले. दर वेळी 'बाहेरचे खाल्ले असेल' म्हणून आंवेच्या गोळ्या. अखेर दुर्बिणीतून तपासल्यावर लहान व मोठे आतडे जुळते तेथे व्रण दिसले. डॉक्टरांनी दोन नावे सांगितली : आतड्याचा क्षय किंवा क्रॉनचा रोग. दोहोंपैकी कोणता, हे त्यांनाही लगेच सांगता येईना. आम्ही कला शाखेचे पदवीधर, वैद्य नव्हे. परंतु त्या निमित्ताने जे वाचले व विचारून घेतले, ते सभासद व विद्यार्थ्यांसाठी मांडत आहोत.

न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रॉन व सहकाऱ्यांनी १९३२ साली या दाहाचे वर्णन केले. त्याआधी १९१३ मध्येच डॅलझील या स्कॉटिश शल्यवैद्याला असाच रोग आढळला होता व गुरांच्या 'जोन' रोगाशी त्याचे साम्य त्याने दाखविले होते. जोन रोगाचा जीवाणू क्षयाच्या जीवाणूचा भाऊबंदच. त्यामुळे संशय बळावला. ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर तीन प्रतिजैविकांची चाचणी झाली; औषधे दोन वर्षांपर्यंत दिली गेली. सुरुवातीस फरक दिसला, टिकला नाही, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा संशय अन्नपाण्यातून येणाऱ्या साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टरवर. डेन्मार्कमधील २००९ च्या अभ्यासात संसर्ग झालेल्या १३,१४८ लोकांपैकी १०७ जणांना पुढे आतड्याचा दाह जडला. संसर्ग न झालेल्या २६,२१६ पैकी ७३ जणांना. आकडे बोलके वाटतात. पण २०११ मध्ये तेथीलच दुसऱ्या अभ्यासात, ज्यांच्या शौचाच्या तपासणीत जंतू सापडलेच नाहीत त्यांच्यातही हा दाह अधिक दिसला! म्हणजे पोटाची तक्रार म्हणून तपासणी, आणि तपासणी म्हणून रोगाचा शोध, असेही असू शकते. दोन खात्यांत एकाच दिवशी नोंद पडली म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असे कोणताही कारकून म्हणणार नाही. आनुवंशिकता, बिथरलेली प्रतिकारशक्ती व आतड्यात मुळातच राहणारे जीवाणू यांचा हा एकत्र खेळ असून, संसर्ग फार तर ठिणगी टाकत असावा, असे आज मानले जाते.

आपल्याकडे मात्र प्रश्न आधी क्षयाचा. जागा तीच, लक्षणे तीच, पण औषधे उलट. क्रॉन समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला क्षय, तर तो फोफावतो. म्हणून खात्री होत नसेल तेथे पुष्कळदा आधी क्षयाची औषधे सुरू करतात व दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. व्रण भरले तर क्षय. नाही भरले तर पुन्हा विचार.

त्या मुलाचे व्रण भरत आले होते. सहा महिन्यांची औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाली. फेब्रुवारीची परीक्षा हुकली, ती त्याने जुलैत दिली.