मंद जोडणीवरील मराठी : दृक्‌-श्राव्य सभांची भाषिक चाचणी

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• मंद जोडणीवरून बोललेल्या मराठीतील कोणते ध्वनिभेद टिकतात व कोणते पुसट होतात, हे सांगता येईल.
• संभाषणातील पाळ्यांवर विलंबाचा होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• संगणकावर व मोबाइलवर एखाद्या सभा-प्रणालीची भाषिक चाचणी घेता येईल.

७.२ प्रास्ताविक

मुक्त शिक्षणात अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यामधील अंतर गृहीतच धरलेले असते. हे अंतर पूर्वी टपालाने तोडले जाई. आज संपर्कसत्रे आणि तोंडी परीक्षा यांचा काही भाग मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागला आहे. जोडणी मंद असली की चित्र गोठते, हे सर्वांच्या लक्षात येते. परंतु त्याच वेळी भाषेचे काय होते, याकडे सहसा कोणी पाहत नाही. विद्यार्थ्याने तत्काळ दिलेले उत्तर परीक्षकाच्या कानी उशिरा पोहोचते आणि तो उशीर विद्यार्थ्याचा अडखळलेपणा म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. म्हणूनच प्रणालीची चाचणी घेताना भाषेच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत : ध्वनींचे भेद पोहोचतात का? आणि बोलण्याची पाळी वेळेवर पोहोचते का?

७.३ विषय-विवेचन

७.३.१ चित्राचा भार आणि आवाजाचा भार

जोडणीची क्षमता सेकंदाला किती बिट वाहून नेता येतात यावरून मोजतात. साधारण प्रतीच्या चित्रासाठी सेकंदाला ५०० किलोबिट खर्च झाले, तर तासाला २२५ मेगाबाइट डेटा लागतो. स्पष्ट आवाजाला २४ किलोबिट पुरतात. म्हणजे तासाला सुमारे ११ मेगाबाइट. आवाजाचे तुकडे करून ते पाकिटांतून पाठवले जातात व प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. त्या पत्त्यांचा भार धरला तरी चित्राच्या तुलनेत हा खर्च अल्पच ठरतो.

जित्सी मीट आणि बिगब्लूबटन या दोन मुक्तस्रोत प्रणाली या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. जित्सी संगणकावर ब्राउझरमध्ये चालते व मोबाइलसाठी तिचे अ‍ॅप आहे. बिगब्लूबटन दोन्हीकडे ब्राउझरमध्येच चालते. तिच्यात अध्यापकाने चढवलेली पाने चित्रफितीसारखी सतत वाहत नाहीत, तर एकेक पान म्हणून पोहोचतात. दोन्हींत इतरांची चित्रे बंद ठेवून केवळ आवाजावर सभा चालू ठेवता येते. मंद जोडणीवर हीच पहिली निवड असावी, कारण अध्यापनाचा मुख्य आशय आवाजातून जातो.

७.३.२ कोणते ध्वनी हरवतात?

जुन्या दूरध्वनीवरून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच वारंवारतेचा आवाज जात असे. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही ध्वनिसंकेतनाची पद्धत आजच्या अनेक सभा-प्रणालींत वापरली जाते. ती सेकंदाला ६ ते ५१० किलोबिट अशा कोणत्याही मर्यादेत काम करते. मात्र जोडणी फार अरुंद झाली की तीही आवाजाची वरची सीमा ४००० हर्ट्‌झपर्यंत खाली आणू शकते.

आता मराठीचा विचार करा. स्वरांची ओळख पटवणारी ऊर्जा मुख्यतः या सीमेच्या आत असते, त्यामुळे स्वर टिकतात. ‘स’ची बरीचशी ऊर्जा मात्र ४००० हर्ट्‌झच्या वर असते, ‘श’ची त्याहून खाली सुरू होते. परिणामी ‘श’ बऱ्यापैकी पोहोचतो आणि ‘स’ फिका पडतो. ‘साल’ आणि ‘शाल’ या शब्दांमधील अंतर तेथे कमी होते.

दंतमूलीय आणि तालव्य च, ज यांचा भेदही याच जातीचा आहे. ‘चार आंबे’ यातील ‘चार’ आणि ‘गुरे चार’ यातील ‘चार’, किंवा विश्व या अर्थी ‘जग’ आणि ‘सुखाने जग’ यातील ‘जग’, हे शब्द आपण उच्चाराने वेगळे करतो. देवनागरी लेखनात तो भेद दिसत नाही. म्हणजे आवाज अस्पष्ट झाला म्हणून तोच शब्द लिहून पाठवला, तरी उच्चारातील भेद लेखनातून भरून निघत नाही.

दुसरे कारण हरवलेल्या पाकिटांचे. एका पाकिटात बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. स्वर याहून पुष्कळ लांब असतो. एक पाकीट हरवले, तर प्रणाली आधीचा आवाज पुढे ओढून ती फट बुजवते. प, त, ट, क यांसारख्या व्यंजनांचा स्फोट मात्र काही मिलिसेकंदांतच संपतो. तो नेमका हरवलेल्या पाकिटात असला, तर त्याची भरपाई करता येत नाही.

वाक्यात संदर्भ मदतीला येतो; ‘अंगावर साल पांघरली’ असे ऐकू आले तरी श्रोता ‘शाल’च समजतो. परंतु आडनावे, गावांची नावे, नवी परिभाषा आणि बोलीतील अपरिचित शब्द यांना असा आधार नसतो. बोलींची सामग्री अशा जोडणीवरून गोळा करणाऱ्याने हे विसरू नये.

७.३.३ पाळी आणि विलंब

संभाषणातील पाळ्यांची व्यवस्था सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ मध्ये मांडली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तुलनात्मक अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. त्या दहांत मराठी नव्हती. तरी मानवी संभाषणाची गती किती सूक्ष्म असते, हे त्यावरून कळते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संवाद सुरळीत चालतो. समजा, विलंब ३०० मिलिसेकंद आहे. अध्यापकाचा प्रश्न जाण्यास ३०० आणि उत्तर येण्यास ३०० असे ६०० मिलिसेकंद नैसर्गिक अंतरात मिळवले जातात. इतक्या शांततेनंतर अध्यापक प्रश्न पुन्हा विचारतो, त्याच क्षणी विद्यार्थ्याचे उत्तर येऊन धडकते आणि दोघेही थांबतात. आपल्या ‘हं’, ‘बरं’, ‘हो ना’ या हुंकारांचेही तसेच होते. वेळेवर आलेला हुंकार वक्त्याला पुढे नेतो; उशिरा आलेला हुंकार मध्ये तोडल्यासारखा वाटतो.

७.३.४ चाचणीची पद्धत

(अ) भेदांची चाचणी : साल–शाल, ताट–थाट, पाट–पाठ, काल–काळ, मन–मण अशा दहा जोड्यांतील वीस शब्द उलटसुलट क्रमाने लिहा. एकाने ते सुटे वाचावेत, दुसऱ्याने ओठ न पाहता ऐकून लिहावेत. हीच चाचणी चित्र चालू ठेवून व बंद करून, तसेच संगणकावर व मोबाइलवर, दर वेळी क्रम बदलून घ्या. संगणकाचा ध्वनिग्राहक तोंडापासून दूर असल्याने खोलीतील घुमारा मिसळतो. म्हणून दोन्हीकडे इअरफोन लावूनही एकदा तपासा.

(आ) विलंबाची चाचणी : दोघांनी आळीपाळीने एक ते वीस अंक म्हणावेत. ‘एक’ म्हणणाऱ्याने ‘वीस’ ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजावा. प्रथम समोरासमोर, मग जोडणीवरून. दोन वेळांमधील फरकाला २० ने भागले की एका दिशेचा सरासरी विलंब मिळतो. फरक ६ सेकंद असेल, तर विलंब ३०० मिलिसेकंद आहे.

७.४ सारांश

मंद जोडणी सर्व ध्वनींना सारखीच बाधत नाही; ‘स’सारखे घर्षक आणि क्षणिक स्फोट आधी जातात, स्वर शेवटपर्यंत टिकतात. विलंबामुळे पाळ्यांची घडी विसकटते. म्हणून चित्रापेक्षा आवाजाला प्राधान्य द्यावे, नावे व संज्ञा लिहूनही कळवाव्यात आणि प्रश्न विचारल्यानंतर मोजलेल्या विलंबाच्या दुपटीहून अधिक थांबावे. जोडणीवरील शांतता म्हणजे विद्यार्थ्याचे अज्ञान, असा निष्कर्ष मापनाशिवाय काढणे भाषाशास्त्राला मान्य होणारे नाही.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘स’ आणि ‘श’ यांपैकी कोणता ध्वनी अरुंद जोडणीवर अधिक टिकतो? का?
२. ‘जग’ या शब्दाच्या दोन उच्चारांतील भेद लेखनाने का भरून निघत नाही?
३. तुमच्या बोलीतील पाच भेददर्शक जोड्या निवडून वरील चाचणी घ्या व निष्कर्ष १५० शब्दांत लिहा.