थेट चित्रांच्या साहाय्याने भूगोलाचा पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

पृथ्वी स्वतःभोवती फिरते व त्यामुळे दिवस आणि रात्र होतात, हे वाक्य चंदनसारच्या शाळेतील पाचवीचे मूल घडाघडा म्हणून दाखवील. परंतु आपल्याकडे भर दुपार असताना टोकियोत काय दिसत असेल, असे विचारताच तेच मूल गप्प होण्याचा संभव आहे. पाठांतर झाले, पण प्रतीती आली नाही. ती आणून देणारे एक साधन आज उपलब्ध आहे. दूरदेशीच्या चौकांत व बंदरांवर बसविलेले कॅमेरे तेथील दृश्य इंटरनेटवरून दाखवीत असतात. शिर्डीचे थेट दर्शन घरची वडीलधारी माणसे मोबाईलवर घेतात, हे पुष्कळ मुलांनी पाहिलेले असते. त्याच मार्गाने भूगोलही शिकविता येतो.

साधनाची कथा

प्रारंभी मुलांस पुढील हकिकत सांगावी. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत अनेक संशोधकांत मिळून कॉफीचे एक भांडे असे. दूरच्या खोल्यांतून कोणी यावे आणि भांडे रिकामे पाहून परतावे, असे वारंवार होई. म्हणून 1991 साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा ठेवून त्याचे चित्र आपापल्या संगणकावर पाहण्याची सोय केली. 1993 साली ते चित्र इंटरनेटवर सर्वांस खुले झाले आणि 2001 साली कॅमेरा बंद करण्यात आला. चित्र लहान व करड्या रंगाचे होते. तरी त्याचे मोल होते, कारण ते त्या वेळचे होते. भांड्याचे कालचे चित्र कोणाच्याच कामाचे नव्हते. थेट चित्राचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

पूर्वतयारी

हा पाठ डिसेंबरच्या उत्तरार्धात घ्यावा. आधी अंगणात एक सरळ काठी उभी रोवून बारापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खुणावण्यास सांगावे. साडेबारानंतर थोड्याच वेळाने सावली सर्वांत आखूड होईल व ती उत्तरेकडे पडेल. मध्यान्ह बरोबर बाराला का होत नाही, असे मुले विचारतील. भारताचे घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि आपला विरारचा परिसर त्याच्या सुमारे 10 अंश पश्चिमेस आहे. प्रत्येक अंशास 4 मिनिटे, हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.

पाठाचा ओघ

दुपारी 1 वाजता टोकियोतील शिबुया चौकाचे थेट चित्र लावावे. तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे तेथे 4:30 वाजलेले असून सूर्यास्ताची वेळ झालेली असते. दीड वाजता लंडनमधील रस्त्याचे चित्र दाखवावे. डिसेंबरात लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे असते. तेथे सकाळचे 8 वाजले असून नुकते उजाडत असते. अंगणात ऊन, टोकियोत तिन्हीसांजा आणि लंडनमध्ये पहाट, ही तिन्ही दृश्ये अर्ध्या तासात पाहिलेले मूल पृथ्वीची गती विसरणार नाही.

पुढील इयत्तांसाठी एक कोडे घालावे. सिडनी टोकियोच्याही पूर्वेस आहे. मग दुपारी 1 वाजता तेथे आधीच अंधार पडला असावयास हवा. प्रत्यक्षात सिडनी बंदरावर उजेड असतो आणि सूर्यास्तास सुमारे दीड तास अवकाश असतो. कारण मुलांनी शोधावे: दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असून तेथील दिवस मोठे असतात.

परीक्षा आणि विवेक

चित्रावर 'थेट' असे लिहिले म्हणजे ते थेट असतेच असे नाही. जुने चित्रण त्याच नावाखाली पुन्हापुन्हा दाखविले जाते. येथे मुलांचे ज्ञान उपयोगी पडते. आधी वहीत अनुमान लिहावे, मग चित्र उघडावे. उजेड, सावल्या व ऋतू अनुमानाशी जुळतात का, ते पडताळावे. चित्र काही क्षण उशिरा पोचते, तेवढी सूट द्यावी. शिक्षक म्हणतात म्हणून किंवा पडद्यावर दिसते म्हणून नव्हे, तर पडताळून पाहिले म्हणून मान्य करणे, ही सवय या पाठाचे खरे फळ होय.

कॅमेऱ्याची चौकट म्हणजे देश नव्हे, हेही सांगावे. विरार स्थानकावरील गर्दीच तेवढी कोणी परदेशी मुलाने पाहिली, तर जीवदानीचा डोंगर त्यास कसा कळणार? तसेच चित्रातील वाटसरूंना आपण पाहत असल्याचे ठाऊक नसते. म्हणून त्यांची थट्टा करू देऊ नये. चित्र शिक्षकाने स्वतः आधी पाहून मगच वर्गात लावावे.

अभ्यास

1. डिसेंबरात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. आपल्या दुपारी 1 वाजता तेथे किती वाजले असतील?
2. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या 'थेट' चित्रात लख्ख ऊन दिसले, तर तुम्ही काय अनुमान कराल?
3. आपल्या गावात एकच कॅमेरा लावावयाचा असल्यास तो कोठे लावाल? त्यातून गावातील कोणत्या गोष्टी दिसणार नाहीत?