क्लच प्लेटची परीक्षा

*(मोटारसायकलचा एखादा भाग झिजला, की त्याच्या जागी नवा भाग बसवतात. हा नवा भाग जुन्यापेक्षा चांगला आहे, हे कसे ठरवावे? क्लच प्लेटच्या उदाहरणावरून ते प्रस्तुत पाठात समजावून सांगितले आहे.)*

मुलांनो, साकीनाका, घाटकोपर, अंधेरी किंवा मुलुंड यांपैकी कोणत्याही भागात फिरा. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल दुरुस्तीचे एखादे तरी गॅरेज दिसतेच. तेथे गिऱ्हाईक विचारते, "उस्ताद, हा नवा पार्ट चांगला आहे ना?" मेकॅनिक म्हणतो, "एकदम भारी! जुन्यापेक्षा मजबूत." गिऱ्हाईक पैसे देते आणि निघून जाते. पण 'मजबूत' म्हणजे नेमके काय? नवा भाग चांगला, हे कशावरून म्हणायचे? माणसांप्रमाणे यंत्राच्या भागांचीही परीक्षा घेता येते. ती कशी घेतात, ते पाहू.

प्रथम क्लचचे काम समजून घ्या. सिग्नलपाशी गाडी थांबते, तरी इंजिन फिरतच असते. फिरणारे इंजिन आणि थांबलेले चाक यांना हवे तेव्हा जोडणारा आणि हवे तेव्हा सोडवणारा भाग म्हणजे क्लच. तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा आणि एक हात फिरवा. दुसराही त्याच्याबरोबर फिरतो. आता दाब कमी करा. एक हात फिरतो, दुसरा जागीच राहतो. क्लचचे तत्त्व एवढेच आहे.

मोटारसायकलच्या क्लचमध्ये अशा अनेक चकत्या असतात. एक अस्तर लावलेली, एक साधी पोलादी, पुन्हा एक अस्तराची, अशी त्यांची रचना असते. अस्तराच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात. पोलादी चकत्या गिअरच्या बाजूला जोडलेल्या असतात. स्प्रिंगा या सर्वांना दाबून धरतात. क्लच दाबला, की स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि चकत्या मोकळ्या होतात. बहुतेक मोटारसायकलींत हा सारा संच तेलात बुडालेला असतो.

मुंबईच्या उपनगरांत क्लचला फार कष्ट पडतात. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर वाहनांची कोंडी झाली, की चालक अर्धा क्लच दाबून गाडी इंचाइंचाने पुढे नेतो. चकत्या एकमेकींवर घासतात, तापतात आणि अस्तर झिजते. शेवटी इंजिन जोरात ओरडते, पण गाडी पुढे जात नाही. याला 'क्लच घसरणे' म्हणतात. भरधाव वाहनांच्या मध्ये असे झाले, तर चालकाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणजे क्लचचा खरा जीव त्या पातळ अस्तरात आहे. या अस्तराचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्या उतारावरून येताना लाकडी ब्रेक नीट लागत नसत. तेव्हा गाडीवान त्या लाकडाला जुन्या बुटाचे चामडे लावत. हर्बर्ट फ्रूड या माणसाने हे पाहिले. यापेक्षा चांगले अस्तर करता येईल का, असा विचार करून त्याने प्रयोग केले आणि १८९७ मध्ये उद्योग सुरू केला. आपल्या नावातील अक्षरांची अदलाबदल करून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने मालाला 'फेरोडो' हे नाव दिले. पुढे याच नावाचा एक कारखाना आपल्या घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गावर उभा राहिला. त्याचे नाव हिंदुस्थान फेरोडो. तेथे ब्रेक आणि क्लचची अस्तरे तयार होत. घोडागाडीच्या जुन्या बुटापासून निघालेली कल्पना अशी घाटकोपरपर्यंत पोहोचली.

आता समजा, तुम्हांला सुधारलेली क्लच प्लेट तयार करायची आहे. काय कराल? कोणी म्हणेल, अधिक कडक स्प्रिंग घालू. दाब वाढेल, क्लच घसरणार नाही. पण मग क्लचही कडक होईल. कोंडीत शंभर वेळा तो दाबताना चालकाचा हात दुखेल आणि केबल लवकर तुटेल. कोणी म्हणेल, चकत्या वाढवू. पण त्यांना आत जागा हवी. कोणी म्हणेल, अस्तर जाड करू. मग क्लच दाबल्यावरही चकत्या पुरत्या सुटणार नाहीत आणि गिअर अडकेल. पूर्वी काही मोटारसायकलींच्या चकत्यांत कॉर्कचे तुकडे बसवत. बाटलीचे बूच असते ना, तोच हा कॉर्क. तेलातही तो चांगली पकड देतो; पण फार तापला तर जळतो. तात्पर्य, एक गुण वाढवला की दुसरा कमी होऊ शकतो. सुधारणा करणारा हा समतोल सांभाळतो.

थोडा हिशेब करू. समजा, अस्तराच्या ४ चकत्या आहेत. प्रत्येकीला दोन बाजू, म्हणजे घासणारे पृष्ठभाग ८. स्प्रिंगांचा एकूण दाब ८०० न्यूटन, चकतीची सरासरी त्रिज्या ०.०५ मीटर आणि घर्षणाचा गुणांक ०.१२ आहे. या सर्वांचा गुणाकार ३८.४ येतो. म्हणजे हा क्लच ३८.४ न्यूटन-मीटरपर्यंतचा पीळ न घसरता पेलेल. इंजिनाकडून क्लचला २४ न्यूटन-मीटर पीळ मिळत असेल, तर काळजी नाही. पण गुणांक ०.०७ झाला तर? उत्तर २२.४ येईल आणि क्लच घसरेल. चकत्या त्याच, स्प्रिंगा त्याच; तरी क्लच निकामी!

गुणांक असा कमी कशाने होतो? कधी अस्तर जळाल्याने, तर कधी चुकीच्या तेलाने. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. मोटारीला ती उपकारक. पण तेलात बुडालेल्या क्लचला घातक. म्हणून जपानने १९९८ मध्ये मोटारसायकलच्या तेलासाठी वेगळे मानक ठरवले. तेलाच्या डब्यावर 'जासो एम. ए.' अशी खूण असते, ती याच मानकाची. अनेकदा दोष तेलाचा असतो आणि बोल मात्र चकतीला लागतो.

यासाठी परीक्षेचा पहिला नियम ध्यानात ठेवा : एका वेळी एकच गोष्ट बदला. गाडी तीच, चालक तोच, तेल तेच, रस्ताही तोच. बदलायची फक्त चकती. आधी नेहमीची नवी चकती लावून पाहा, मग सुधारलेली. चकती आणि तेल दोन्ही एकाच दिवशी बदलले, तर गुण कोणाचा हे कळणार नाही.

दुसरा नियम : मोजा आणि लिहा. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येतो. चकती बसवण्यापूर्वी तिची जाडी तीन-चार ठिकाणी मोजावी. पोलादी चकती सपाट काचेवर ठेवून ती वाकडी नाही ना, हे पाहावे. ठरावीक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा मोजावे. 'बरी वाटते' हा निकाल नव्हे. वहीतील आकडा हा निकाल.

तिसरा नियम : सोप्यापासून अवघडाकडे जा. आधी टेबलावर, मग स्टँडवर उभ्या गाडीत, मग मोकळ्या रस्त्यावर आणि शेवटी चढावर व गर्दीत परीक्षा घ्यावी. टेबलावरचा प्रयोग तुम्हीही करू शकता. लाकडी ठोकळ्याला अस्तराचा जुना, स्वच्छ तुकडा चिकटवून तो पोलादी पट्टीवर ठेवा. पट्टीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच थांबा. उंचीला खालच्या आडव्या अंतराने भागा. उंची १२ सेंटिमीटर आणि अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर गुणांक ०.३०. मग पट्टीला तेल लावून पुन्हा पाहा. यंत्रातील दाब व उष्णता या प्रयोगात नाहीत, म्हणून हा केवळ पहिला अंदाज समजा. रस्त्यावरची परीक्षा मात्र मोठ्यांवर सोपवा. १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही.

आणखी एक परीक्षा आहे. ती गॅरेजमध्ये दिसत नाही. अस्तर उष्णता सोसावे म्हणून जगभर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू वापरत. पकड चांगली, टिकाऊपणा चांगला, किंमतही कमी. पण अस्तर कापताना, घासताना त्याची बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसांत जाते आणि अनेक वर्षांनी असाध्य रोग होतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांविषयी महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आता अ‍ॅस्बेस्टॉस नसलेली अस्तरेही मिळतात. तरीही ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने कधी उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपावी. जो भाग गाडीला चांगला पण तो घडवणाऱ्याला मारक, त्याला सुधारलेला कसे म्हणावे?

तुमच्यापैकी काहीजण उद्या मुलुंडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातील, काहीजण वडिलांचे किंवा चाचांचे गॅरेज सांभाळतील. कारखाना, कारागीर, दुरुस्ती, नमुना हे मराठीतील शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत. त्या ओळखीच्या शब्दांना मोजमापाची सवय जोडा. मग कोणी विचारले, "हा पार्ट चांगला आहे ना?" तर नुसते "भारी आहे" म्हणू नका. वही उघडा आणि आकडे दाखवा.

शब्दार्थ
अस्तर – आतून किंवा वरून लावलेला थर
पीळ – फिरवणारा जोर
समतोल – दोन्ही बाजू सारख्या राखणे
मानक – ठरवून दिलेले माप किंवा दर्जा
असाध्य – बरा न होणारा
बोल लावणे – दोष देणे
जिवावर बेतणे – प्राणावर संकट येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) क्लचचे काम कोणते?
(आ) घोडागाडीचे गाडीवान ब्रेकला काय लावत?
२. कारणे लिहा :
(अ) फार कडक स्प्रिंग वापरणे सोयीचे नसते.
(आ) चकती आणि तेल एकाच दिवशी बदलू नये.
३. दाब १००० न्यूटन असता पाठातील क्लच किती पीळ पेलेल? गुणांक ०.१२ धरा.
४. वाक्यात उपयोग करा : बोल लावणे, जिवावर बेतणे.
५. जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन जुनी व नवी क्लच प्लेट पाहा. दोन्हींतील फरक पाच वाक्यांत लिहा.