विषाणूचा माग : जनुकीय निरीक्षण आणि रेबीज

सम्राट अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. दोघांचे आरोग्य परस्परांशी बांधलेले आहे, हे रेबीजइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. लक्षणे प्रकट झाल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळीच उपचार घेतल्यास तो टाळता येतो.

कारणावाचून कार्य घडत नाही, ही बुद्धांची शिकवण. मग कुत्र्याला झालेला रेबीज आला कोठून? त्याचा माग विषाणूतच असतो. या विषाणूची जनुकीय संहिता आरएनएची असून तीत सुमारे 12,000 अक्षरे व 5 जनुके असतात. विषाणूच्या प्रती तयार होताना अधूनमधून चुका होतात आणि त्या पुढील पिढ्यांत उतरतात. त्रिपिटकाच्या ताडपत्री प्रतींतील समान चुका पाहून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हे अभ्यासक ठरवतात. तसेच हे आहे. मृत कुत्र्याच्या मेंदूचा नमुना प्रशिक्षित व्यक्ती घेतात आणि प्रयोगशाळेत रोगनिश्चिती झाल्यावर संहिता वाचली जाते.

गोव्यात 2013 नंतर शासन आणि ‘मिशन रेबीज’ यांनी लसीकरण, सर्वेक्षण व शालेय शिक्षण यांची सांगड घातली. कुत्र्यांतील रुग्णसंख्या 92 टक्क्यांनी घटली आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य घोषित झाले. रुग्ण विरळ झाले की जनुकीय वाचनाचे मोल वाढते : उरलेला विषाणू स्थानिक की बाहेरून आलेला, हे त्यावरून कळते.

आपल्या परिसरालाही हा प्रश्न लागू आहे. कर्जतला मुरबाड लागून आहे, तर खालापूर बोरघाटाने मावळाशी जोडलेले आहे. खोपोलीत बाधित कुत्रा आढळला आणि त्याचा विषाणू घाटापलीकडचा निघाला, तर दोन्ही बाजूंनी मिळून लसीकरण करावे लागेल. स्थानिक निघाला, तर आपल्याच वाड्या-पाड्यांत लसीकरण अपुरे राहिले, असे समजावे. किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर साखळी तुटते. कुत्र्यांना मारून ती तुटत नाही. येथे करुणा आणि विज्ञान एकाच मार्गाने जातात.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : कुत्रा चावल्यास भीतीने लपवू नये. जखमेवर चुना वा तिखट न लावता ती साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, शिक्षकांना सांगावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.