सायकल निवडताना

खड्डे आणि चढ तुडवीत रोज कॉलेजला येणाऱ्याने सायकल घेताना रंग पाहू नये, दाते मोजावेत. पुढच्या चक्राला ४४ व मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात २८ इंची चाकाची सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे ठीक; चढावर मांड्या भरून येतात. २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास अंतर साडेचार मीटरवर येते, पण जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी लागतो. चेन मात्र थोडी वाढवावी लागेल.

फ्रेम पोलादीच घ्यावी. ती जड असते, हे खरे. पण तडकली तर गल्लीतला वेल्डरही जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत तसे सहसा होत नाही, आणि नव्या फ्रेमचे पैसे शेवटी वडिलांच्याच खिशातून जातात. टायर रुंद असावा.